तांबड्या रश्शाबरोबर शिराझ घेतली आणि तोंडात जाळ झाला. शनिवारच्या जेवणाला कोणती वाईन काढू?

तिखटमीठ

मंडळी, घरगुती प्रश्न आहे, हसू नका.

आमच्याकडे शनिवारी रात्रीचं जेवण निवांत असतं. मी, नवरा, धाकटी नणंद आणि तिचा नवरा. सासूबाईही पंगतीला असतातच. नणंदेचं सासर नाशिकचं, त्यामुळे येताना ती एक-दोन बाटल्या हमखास आणते. स्वयंपाक माझ्याकडे. आजवर वाईन आधी आणि जेवण नंतर अशी पद्धत होती. म्हणजे चिवडा आणि खारे दाणे खात बाटली संपायची आणि पानं वाढेपर्यंत सगळे पेंगायला लागायचे. म्हटलं, आता ताटाबरोबरच घेऊन बघू.

बाटलीच्या मागे लिहिलेलं असतं की ही वाईन ग्रिल केलेलं मांस, पास्ता, मुरलेलं चीज यांच्याबरोबर घ्यावी. माझ्या ओट्यावर यातलं काहीही नसतं. गेल्या शनिवारी मटण केलं, तांबडा रस्सा. लाल मांसाला लाल वाईन एवढंच ऐकून होते, म्हणून नाशिकची शिराझ उघडली. नुसती घेतली तेव्हा झकास होती, आधी जांभळाचा वास आणि मागून मिरी. मग रश्शाचा भुरका मारून वर एक घोट घेतला, तर ओठांपासून घशापर्यंत नुसता जाळ! वाईन कडूजहर आणि रस्सा केला होता त्याच्या दुप्पट तिखट. नवऱ्याने मुकाट्याने ताक मागितलं. सासूबाईंनी पेल्यातून एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "यापेक्षा कोकम सरबत केलं असतंस तर बरं झालं असतं."

पुढचे बेत असे आहेत. पुन्हा एकदा तांबडा-पांढरा, कारण मागणी आहे. एका शनिवारी सुरमई फ्राय आणि ओल्या नारळाचं कालवण. आणि एकदा पूर्ण शाकाहारी: भरली वांगी, ज्वारीची भाकरी, मसालेभात, कोथिंबीर वडी. घरात सध्या एक शेनिन ब्लाँ, एक सॉव्हिन्याँ ब्लाँ (दोन्ही पांढऱ्या) आणि अकलूजची एक सांजोवेसे (लाल) आहे. शिवाय अर्धी शिराझ उरलीय. कशाला काय लावू?

रंकाळा_कट्टा

ताई, तांबड्यावर शिराझ म्हणजे आगीत तेल ओतलंत की. आमच्याकडं रस्साच पितात, त्याच्याबरोबर आणि कशाला काय प्यायचं? तांबडा चढला की वाटीभर पांढरा मारायचा, जोडी लावून दिलीय वाडवडिलांनी. वाईन घ्यायचीच असंल तर आधी सुक्क्याबरोबर घ्या, आणि रस्सा आला की ग्लास बाजूला ठेवा. विषय संपला.

आणि कांदा-लसूण चटणी घरची का विकतची, तेवढं सांगा. विकतची असंल तर वाईनला दोष देऊ नका.

शिवारवाला

रंकाळाराव, विषय आत्ता कुठं सुरू झालाय.

ताई, मी दिंडोरी तालुक्यातला. घरचा मळा आहे, जास्त करून थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, आणि एका कडेला वाईनची. ती करारावर वायनरीला जातात. त्यामुळे मी पिकवणाऱ्यांच्या बाजूचा आहे, पण घरी मटण शिजलं की पिणाऱ्यांच्या बाजूलाही बसतो.

आधी एक करा, मांसाचा रंग डोक्यातून काढून टाका. तो नियम भाजलेल्या मांसावर मीठ-मिरी टाकून खाणाऱ्यांनी केलाय. आपल्या पातेल्यात चव ठरवतं ते वाटण. मटण असो, कोंबडी असो की वांगं, बाटली वाटण बघून काढायची. मिरची किती, आंबट काय घातलंय, खोबरं ओलं की भाजलेलं, वर तेल किती आलंय, हे बघा.

शिराझने का जाळलं, ते सांगतो. लाल वाईन द्राक्षाच्या सालीसकट आंबवतात. साली-बियांतला तुरटपणा त्यात उतरतो, तेच टॅनिन. मिरचीने जीभ हुळहुळलेली असताना वर तुरट घोट पडला की तो खरवडत जातो. दुसरं कारण अल्कोहोल. मिरचीचं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या नसा चेतवून 'भाजलं' असं सांगतं, त्याच नसा अल्कोहोल आणखी हळव्या करतं. म्हणून वाईन जितकी कडक, तितका रस्सा तिखट. रश्शात मिरची तेवढीच होती, ती तुम्हाला जास्त जाणवली.

आणि आमच्या भागातली लाल वाईन कडक होते त्याला आमचं ऊन कारण आहे. युरोपात द्राक्षाची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, पुढे थंडी. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), पाऊस सरता सरता गोडी छाटणी (फळासाठी) आणि तोडणी जानेवारी ते मार्च, म्हणजे पुढे उन्हाळा. शेवटी शेवटी मण्यात साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो. वायनरीचा माणूस बागेत येतो, चार ठिकाणचे मणी चिरडून रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकतो आणि उजेडाकडे धरून बघतो. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. पांढरी द्राक्षं २१-२२ ब्रिक्सच्या आसपास काढायची, लाल २४ पर्यंत थांबवायची. दोन दिवस उशीर झाला तरी आकडा पुढे पळतो. ही साखरच पुढे अल्कोहोल होते. तुमच्या शिराझच्या लेबलवर १३.५ किंवा १४ टक्के असं काहीतरी असणार, बघा.

तांबड्याला शेनिन काढा. आपल्याकडची बरीच शेनिन थोडी गोडसर ठेवलेली असते आणि ती गोडीच तिखटाची धार मोडते. शिवाय शेनिन हे जातीचंच आंबट द्राक्ष, उन्हातही आंबटपणा धरून ठेवतं. २००० साली नाशिकच्या सुला वायनरीने आपली पहिली वाईन बाजारात आणली तेव्हा त्यात शेनिन आणि सॉव्हिन्याँ होत्या, तेव्हापासून या मातीत तिचं बरं चाललंय. मात्र ती गार हवी, ८ ते १० अंश. आणि वरची तर्री थोडी बाजूला सारा. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात नाही. तर्रीचं तेल जिभेवर पसरलं की कुठलीही वाईन ते धुऊन काढू शकत नाही.

पांढऱ्या रश्शाचं प्रकरण निराळं. नारळाचं दूध, काजू, खसखस, मिरी, यात आग नाही, गुळगुळीतपणा आहे. तिथे ओकच्या पिंपात राहिलेली शार्दने, ही पांढरी वाईन, लावून बघा. ओकच्या लाकडात, त्यातही अमेरिकन ओकमध्ये, एक घटक असतो आणि त्याचा वास चक्क खोबऱ्याचा येतो. मी पहिल्यांदा पिंपाच्या खोलीत गेलो तेव्हा मला वाटलं, शेजारी कुणीतरी किस भाजतंय.

उरलेली शिराझ वाया घालवू नका. मटण सुकं करा, मिरची हात राखून, काळी मिरी आणि भाजलेलं सुकं खोबरं सढळ. शिराझला मिरीचा वास येतो तो तुमचा भास नव्हता. काळ्या मिरीचा वास ज्या द्रव्यामुळे येतो, ते रोटंडोन शिराझच्या सालीतही असतं. चरबीचे तुकडे आणि नीट पडलेलं मीठ, दोन्ही टॅनिनचा तुरटपणा मऊ करतात. इथे रंकाळारावांचं सुक्क्याबद्दलचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

वांग्यांना सांजोवेसे. दाण्याचं कूट, तीळ, चिंच, गूळ, गोडा मसाला, यात तिखट कमी आणि आंबटगोड जास्त. सांजोवेसे हे इटलीतल्या कियांतीचं द्राक्ष, टोमॅटोच्या पदार्थांबरोबर मुरलेलं. आंबटाला ते घाबरत नाही, चिंचेलाही घाबरणार नाही. फक्त लसणाची कच्ची चटणी शेजारी वाढू नका, तिच्यापुढे सगळं फिकं पडतं.

माशातलं मला फार कळत नाही. आमच्याकडे धरणातला मासा, त्याला काय लावायचं ते ठरलेलं आहे आणि ते द्राक्षाचं नाही.

तिरफळ

शिवारदादा, मटणाचं तुम्ही बघा, माशाचं आम्ही बघतो. मूळ गाव वेंगुर्ला, राहणं परळ.

सुरमई फ्रायला सॉव्हिन्याँ ब्लाँ, डोळे झाकून. तिचा वास कैरीसारखा हिरवट, चव आंबट आणि चुरचुरीत. एकच अट: फ्रायवर लिंबू पिळू नका. रव्याचं कुरकुरीत कवच, आत मीठ-हळद-आगळ लावलेला मासा, लिंबाचं काम वाईन करते. दोन्ही घेतलंत तर तोंड आंबून जाईल आणि वाईन पाणचट लागेल. वाईन पदार्थापेक्षा थोडी तरी जास्त आंबट असायला हवी, नाहीतर ती मरते.

त्याच कारणासाठी सोलकढी मधेमधे पिऊ नका. एक घोट सोलकढीचा, एक वाईनचा असं केलंत तर दोन्हींचा कचरा होतो. सोलकढी शेवटी, भाताबरोबर, तेव्हा ग्लास उचलून नेलेला असावा.

लाल वाईन माशाला नकोच. बांगडा, तारली, सुरमई यांसारख्या तेलकट माशाबरोबर लाल वाईन घेतली की मागाहून लोखंडी, वशाट चव येते. वाईनमधलं लोह माशातल्या तेलाबरोबर मिळून हा घोळ करतं आणि लोह सहसा लाल वाईनमध्ये जास्त असतं. मीही अकलूजच्या वाईनची भक्त आहे, पण बांगड्याच्या दिवशी ती कपाटात.

ओल्या नारळाच्या कालवणाला मी तुमच्या घरची शेनिन लावेन, तांबड्यातून उरली तर! गोव्यात मावशीकडे नारळाच्या दुधातलं काल्दीन असतं तेव्हा पोर्तुगालची व्हिन्यो व्हेर्द उघडतात. तिकडच्या उत्तरेकडल्या मिन्यो भागातली असते, हलकी, आंबट, जिभेवर किंचित बुडबुडते. नारळाच्या दुधाला ती जी चिरत जाते! इथे सहज मिळत नाही, म्हणून शेनिन. आणि बांगड्याचं तिखलं करून त्यात तिरफळं घातलीत, तर वाईनचा विचारच सोडा. बधिर जिभेला काय कळणार.

तिखटमीठ

वा, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. रंकाळाराव, चटणी घरची आहे. माहेरहून येते, आणि माहेर गडहिंग्लज. आता बोला.

अजून थोडं विचारते. एक, आमच्याकडे वाईनचे ग्लास नाहीत. सरबताचे आहेत आणि स्टीलचे पेले. दोन, लाल वाईन 'खोलीच्या तापमानाला' ठेवा म्हणतात, पण एप्रिलमध्ये आमच्या खोलीत ३४ अंश असतात. तीन, मागे रस्त्याकडेच्या एका दुकानातून पांढरी बाटली आणली होती, ती पिवळीजर्द निघाली आणि उकडलेल्या सफरचंदाचा वास. ती तशीच असते का? आणि चार, ही जोडी जमली की नाही हे ओळखायचं कसं? मला नुसतं छान आणि वाईट एवढंच कळतं.

रंकाळा_कट्टा

गडहिंग्लज? मग माझे शब्द परत घेतो. पण रस्सा आला की ग्लास बाजूला, हे मागं घेत नाही.

शिवारवाला

छान आणि वाईट कळतं ना, मग झालं की. बाकीचे शब्द वायनरीच्या गाईडला लागतात, पर्यटकांपुढे बोलायला.

ओळखायची माझी रीत सांगतो. आधी भाकरीचा कोरडा तुकडा खा आणि घोट घ्या, म्हणजे वाईनची स्वतःची चव कळते. मग रश्शाचा घास, नीट चावून गिळा, आणि घास गिळल्यावर दुसरा घोट. आता बघा, दुसऱ्या घोटात वाईन आधीपेक्षा कडू, तुरट, पाणचट लागतेय का? लागली तर जोडी फसली. फळाचा वास वाढला, तिखट बसलं आणि हात आपोआप पुढच्या घासाकडे गेला, तर जमली. सगळ्यांनी एकाच वेळी करा आणि एकमेकांची तोंडं बघा. बोलायची गरज पडत नाही.

खोलीचं तापमान म्हणजे युरोपातल्या जुन्या दगडी घराची खोली, १६ ते १८ अंश. आपल्याकडे लाल वाईनसुद्धा वाढण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. कोमट लाल वाईनमध्ये अल्कोहोलच पुढे येतं, आणि मघाशी सांगितलं तसं, तिखटाला तेच नको. मात्र लाल वाईन फार गारही करू नका, टॅनिन आणखी तुरट लागतं.

ग्लास सरबताचा चालेल, फक्त तिसरा हिस्साच भरा, म्हणजे वासाला जागा राहते. काठ आत वळलेला मिळाला तर उत्तम. स्टीलचा पेला मात्र नको. रंग दिसत नाही आणि वासही नीट कळत नाही.

ती पिवळी बाटली उन्हाने गेलेली. पांढरी वाईन घेताना लेबलवरचं साल बघायचं. शेनिन, सॉव्हिन्याँ या ताज्या प्यायच्या वाईन, शक्यतो चालू नाहीतर गेल्या वर्षाची. दुकानात दर्शनी काचेत, दिव्याखाली किंवा उन्हात उभी असलेली बाटली फुकट मिळाली तरी घेऊ नका. आतल्या मांडणीतली मागा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.

उरलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये, लाल असली तरी. तीन-चार दिवस चांगली राहते.

थेम्सकाठ

लंडनहून. इथे रविवारी मिसळ असते आणि मित्रमंडळी वाईन घेऊन येतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्याही घरचा.

शिवारवाल्यांनी अल्कोहोलचं सांगितलं त्यात भर घालतो. आम्ही बाटली निवडताना आधी टक्के बघतो. जर्मनीतल्या मोझेल नदीकाठची रिझलिंग, लेबलवर 'काबिनेट' लिहिलेली, बऱ्याचदा ८-९ टक्क्यांचीच असते. आंबवणं मध्येच थांबवतात, त्यामुळे साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल कमी बनतं. म्हणजे गोडी आहे, कडकपणा नाही आणि आंबटपणा असा की कटाचं तेल कापलं जातं. मिसळीला यापेक्षा चांगली वाईन मला अजून सापडलेली नाही. इथल्या फ्रेंच शेजाऱ्याने आल्सासची गेव्युर्त्सट्रामिनर आणली होती, गुलाबपाणी आणि लिचीचा वास. मिसळीबरोबर अत्तर प्यायल्यासारखं झालं. तीच वाईन शाही पुलावाबरोबर मात्र फार सुंदर लागली, वेलची-केशराला तिचा वास जुळतो.

भारतात आयात शुल्कामुळे परदेशी बाटली महाग पडते, त्यामुळे मोझेलच्या मागे लागू नका. नाशिकचीही रिझलिंग मिळते, ती बघा.

कोथिंबीर वडीचं कुणीच बोललं नाही. तळलेल्याला फेसाळ वाईन. बुडबुडे आणि आंबटपणा तेल साफ करतात. मात्र वडीत हिरवी मिरची बेताची, कारण बुडबुडेही जिभेला टोचतातच आणि तिखटाबरोबर दुप्पट टोचतात.

शिवारवाला

फेसाळ वाईनचं बरोबर बोललात. आपल्याकडे ती नवी नाही. नारायणगावला १९८० च्या दशकातच शँपेनच्या पद्धतीने वाईन बनायला लागली होती आणि परदेशातही जात होती. आता दिंडोरीतच शांदों या फेसाळ वाईनवाल्या फ्रेंच कंपनीची वायनरी आहे. त्यांना लागणारी द्राक्षं आम्ही आणखी आधी काढतो, साखर पुरती चढायच्या आत, कारण त्यांना आंबटपणा हवा असतो. मणी खाल्ला तर दात आंबतात.

पेठेतली_मावशी

सगळं वाचलं. मी स्वतः घेत नाही, पण सुनेची आणि मुलाची बाटली माझ्याच फ्रिजमध्ये असते, त्यामुळे ज्ञान आहे.

गोडाचं कुणी सांगितलं नाही, म्हणून सांगते. पानात गोड पदार्थ असेल तर साधी वाईन आंबटढाण लागते. मुलगा पुरणपोळीबरोबर ती सांजोवेसे की काय ती प्यायला आणि "आई, वाईन खराब आहे" म्हणाला. खराब नव्हती हो, पुरणापुढे तिचा निभाव लागला नाही. वाईन गोडापेक्षा गोड हवी. लेट हार्वेस्ट म्हणून छोटी बाटली मिळते, द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून केलेली. सून ती बासुंदीबरोबर घोटभर घेते आणि डोळे मिटते.

श्रीखंडाबरोबर मात्र कुणी वाईन घेताना दिसलं, तर मी त्या घरचं पाणी पिणार नाही.

तिखटमीठ

शनिवार झाला, वृत्तांत देते.

तांबड्याला शेनिन, बर्फाच्या भांड्यात ठेवून. भाकरीचा तुकडा, घोट, रस्सा, घोट, असं सगळ्यांना करायला लावलं. नणंदेचा नवरा आधी हसत होता, दुसऱ्या घोटानंतर हसायचा थांबला आणि त्याने वाटी पुढे केली. तिखट आहे तिथेच राहिलं, पण जाळ उठला नाही. तर्री बाजूला काढायला मात्र कुणी तयार नव्हतं. नवऱ्याने मुद्दाम वरचा कट घेतला आणि मग तो आणि त्याचं ताक.

सुकं वेगळं केलं होतं, मिरी आणि भाजलेलं खोबरं घालून. त्याला नवी शिराझ, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेली. गेल्या वेळी याच वाईनला मी नावं ठेवली होती यावर माझा विश्वास बसेना. नळीतला मगज चोखून वर घोट घ्या, बाकी काही सांगत नाही.

आज, रविवारी दुपारी, भरली वांगी केली आणि सांजोवेसे. इथे मतं फुटली. मला आवडली. नणंदेला चिंचेमुळे दोन्ही आंबट वाटलं आणि तिने कालची शेनिन संपवली. मी गूळ जरा हात राखून घातला होता, पुढच्या वेळी वाढवून बघेन. शिवारदादा, तुमचं काय म्हणणं?

सासूबाईंना गार शेनिन सरबताच्या ग्लासात दिली. अर्धा ग्लास संपवून म्हणाल्या, "ही बरी आहे, पण कोकम सरबतात जिरं असतं."

सुरमई पुढच्या शनिवारी. त्यानंतर नणंदेची फर्माईश आहे खानदेशी शेवभाजीची, काळा मसाला घालून, तेलाचा थर आलेली. याला काय?

शिवारवाला

गूळ वाढवाच, आणि चिंचेचा कोळ निम्मा करा. वाईन बदलायच्या आधी मी भाजी बदलून बघतो, ते स्वस्त पडतं.

शेवभाजीला रोझे, गार आणि थोडी गोडसर. काळ्या मसाल्यातल्या भाजलेल्या खोबऱ्याला पांढरी पुरत नाही आणि त्या तेला-तिखटाला लाल चालत नाही. शेव ऐनवेळी घाला. भिजून लगदा झाली तर कुठलीही बाटली काढा, उपयोग नाही.

रंकाळा_कट्टा

शेवभाजीला वाईन! ताई, पत्ता पाठवा, बघायलाच येतो. येताना चटणी आणू का?